वनवास कसला?

येथील मराठी मंडळींच्या गेल्या बैठकीत आम्ही एक साधा ठराव मांडला : वाचनालयाच्या वार्षिक रकमेतून काही ओडिया पुस्तके आणि तौलनिक साहित्यविचारावरील दोन-चार ग्रंथ घ्यावेत. त्यावर एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी हातातील चहाचा पेला खाली न ठेवताच निकाल दिला, "तीन वर्षांच्या वनवासात हे कशाला? विद्येचे काय ते पुण्या-मुंबईस परतल्यावर पाहू." सभा हसली. त्या हसण्याशी आमचे भांडण आहे, आणि ते मिटविण्याची आम्हांस मुळीच घाई नाही.

ज्या ओडिशास हे गृहस्थ वनवास म्हणतात, तेथेच अनंतचरण शुक्ल (१९४२–२०२०) यांनी आपली हयात घालविली. इंग्रजी, संस्कृत आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विषयांचा त्यांचा व्यासंग होता. नोकरी मात्र संबळपूर विद्यापीठात इंग्रजीच्या अध्यापकाची. हे विद्यापीठ बुर्ल्यास, हिराकुड धरणाच्या शेजारी. राजधानी नव्हे की जुने विद्यापीठनगर नव्हे. तेथून त्यांनी १९७७ साली, आनंद कुमारस्वामींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तौलनिक साहित्य आणि सौंदर्यशास्त्र यांसाठी एक संस्था काढली, आणि पुढच्याच वर्षी तिचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. रेने वेलेक, हॅरल्ड ऑस्बोर्न यांसारख्यांचे सहकार्य त्याला लाभले. सारा व्यवहार टपालाने. शुक्लांनी बदलीचा अर्ज खिशात ठेवून हे काम हाती घेतले असते, तर पहिला अंकही निघाला नसता. ते नियतकालिक चार दशकांहून अधिक काळ चालले आहे.

संस्थेला त्यांनी नाव दिले विश्वनाथ कविराजाचे, म्हणजे चौदाव्या शतकातील ओडिशाच्या 'साहित्यदर्पण'काराचे. हा विश्वनाथ मराठी विद्येस परका नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी 'साहित्यदर्पणा'चे संपादन केले, आणि १९२३ च्या आवृत्तीस जोडलेला त्यांचा अलंकारशास्त्राचा इतिहास पुढे स्वतंत्र ग्रंथ होऊन देशोदेशीच्या अभ्यासकांच्या हाती गेला. काणे ग्रंथाच्या वाटेने येथवर आले. आम्ही आगगाडीने आलो, आणि अद्याप पोचलो नाही.

शुक्लांचा १९७७ चा ग्रंथ ग्रीक आणि भारतीय सौंदर्यविचारांतील अनुकरणकल्पनेवर आहे. विषय कोरडा वाटेल. पण आपल्याकडील व्याख्यानांतून ऐकू येणारे एक वाक्य आठवावे : 'पाश्चात्त्यांची कला अनुकरणाची, आमची रसाची.' टाळ्या हमखास! वस्तुतः नाट्यशास्त्रच नाट्यास लोकवृत्ताचे अनुकरण म्हणते. शंकुकाने तर रसाची उपपत्तीच अनुकरणावर उभारली, आणि भट्ट तौत व अभिनवगुप्त यांना ती खोडण्यासाठी मोठा खटाटोप करावा लागला. मेलेल्या मतावर कोणी इतके बाण सोडीत नाही. प्लेटोचा चित्रातला पलंग आणि शंकुकाचा चित्रातला घोडा एकदा शेजारी ठेवून पाहावेत. प्लेटो म्हणतो, हा पलंग सत्यापासून तिसऱ्या पायरीवर, म्हणून त्याज्य. शंकुक म्हणतो, हा घोडा खरा नव्हे, खोटा नव्हे, संशयाचाही नव्हे. त्याची प्रतीतीच निराळी. चित्र एकच, पण एकाला त्यात फसवणूक दिसते आणि दुसऱ्याला आस्वादाचे बीज. हे दोन्ही न वाचता 'आमचे ते श्रेष्ठ' म्हणणारा कशाची तुलना करतो?

कोणी म्हणेल, शुक्लांनी इंग्रजीत लिहिले म्हणून त्यांना जगाचा कान मिळाला. मराठीत असे कोण ऐकणार? या आक्षेपात तथ्य आहे. सौंदर्यविचार इंग्रजीत कोंडला की शेजारच्या घरातही तो पोचत नाही, हे शुक्लांच्या कार्याविषयीही म्हणता येईल. परंतु आमच्या मंडळाची अडचण लिहिण्याची नाहीच, वाचण्याची आहे. आणि बदलीची सबब सांगणाऱ्यांनी मर्ढेकर विसरू नयेत. ते आकाशवाणीच्या नोकरीत होते, म्हणजे आपल्यासारखेच केंद्र सरकारचे चाकर, आणि १९५६ साली वारले तेही दिल्लीत. 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिण्यास त्यांना पुण्याच्या बदलीची वाट पाहावी लागली नाही.

वास्तविक तुलनेची सामग्री आमच्याइतकी कोणाच्या दारात आहे? सकाळी ओडियात भाजी घ्यावी, दिवसभर इंग्रजी-हिंदीत टिपणे लिहावीत, रात्री मुलाला मराठी शुद्धलेखन घालावे. एवढ्या भाषा अंगावरून जातात आणि आम्ही कोरडेच! १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांचा अंमल याच कटकात होता, याचा अभिमान मंडळाच्या प्रत्येक गणेशोत्सवात ऐकू येतो. ते वसुलीला आले होते; आम्ही पगाराला येतो. त्यांना येथली लिपी आली नसेल तर नवल नाही. पण नऊ वर्षे येथे काढून दुकानाची पाटी मुलाकडून वाचवून घेणारे पदवीधर आमच्यात आहेत, आणि परवापर्यंत आम्हीही त्यांतच होतो.

मंडळाच्या दोन कपाटांत दिवाळी अंक सहाशेंवर आहेत, ओडिया पुस्तक एकही नाही. ठराव फेटाळला गेलेला नाही. इतिवृत्तात त्यापुढे 'विचारार्थ' असा शेरा पडला आहे. हा शब्द आम्ही कचेरीत रोज लिहितो. पुढील बैठक कोजागरीनंतर आहे, आणि पुस्तकांची यादी किमतींसह आम्ही तयार ठेवली आहे.