दीड तासाचा फंडा

‘नागपूर ना? दीड तासावर!’ मुंबईत नोकरीला लागल्यापासून हा डायलॉग मी ऑफिसात किमान शंभरदा मारलाय. परवा बाबांच्या अँजिओप्लास्टीचा फोन आला आणि डायलॉगमधली हवाच गेली.

गणित बघा. मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. रेल्वेने हेच ८३७, म्हणजे आख्खी रात्र. विमानाचा स्पीड ताशी आठशेच्या घरात, मग तासाभरात पोचायला हवं ना? पण बॉस, तिकिटावरचा दीड तास नुसता उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि तिकडे जागेवर लागलं की संपतो. मुंबईत टेक-ऑफची रांगही त्यातच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना वेळ थोडा कमी, येताना थोडा जास्त.

आपलं घड्याळ मात्र घराच्या दारातच सुरू होतं. ट्रॅफिक, सिक्युरिटी, बोर्डिंग आणि सोनेगाववरून पुन्हा रिक्षा. त्या दिवशी मला सहा तास लागले.

बाबा आता ठणठणीत आहेत. मला बघून म्हणाले, ‘‘एवढ्या लांबून कायले आला रे?’’

‘दीड तासावर तर आहे,’ अगदी ओठांवर आलं होतं. पण दिवाळीला ‘सुट्टी नाही’ म्हणून टाळलेलं आठवलं आणि गप्प बसलो.

पुढच्या महिन्याचं तिकीट काढूनच परतलोय. तुमचं ‘दीड तासावरचं’ घर कुठलं? आणि तिथे शेवटचे कधी गेला होतात?