जिलबी थोडी थांबेल
जबलपूरच्या घरात पाहुणे आले की कमानिया गेटकडची खोव्याची जिलबी येतेच; पण घरात कुणी नुकतंच डेंटल इम्प्लांट बसवून घेतलं असेल, तर त्याच्यापुढची बशी सरळ उचला. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियम बसवलं; तत्त्व आजही तेच. हाड त्या धातूला घट्ट धरतं, पण त्यासाठी बहुधा तीन ते सहा महिने घेतं. खरी नाजूक वेळ पहिल्या 24 तासांची. जखमेवर रक्ताची गुठळी धरते, तीच मलमपट्टी. म्हणून त्या दिवशी खळखळून चूळ नको, स्ट्रॉने ताक नको, आणि थुंकीत जरा लाली दिसली की बेसिनकडे धावणं तर नकोच. गॉज चावून शांत बसा. बर्फ गालावर, बाहेरून. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चूळ, दुसऱ्या बाजूने मऊ खिचडी, बाकीच्या दातांना ब्रश नेहमीसारखा. शेजारच्या काकू लवंग चेपायला सांगतील. मान डोलवा आणि चेपू नका. आपल्याकडे घोडं अडतं ते तंबाखूपाशी. ‘सिगारेट बंद केली, आता नुसता गुटखा,’ असं म्हणणाऱ्याने लाखभराचं काम हाताने बिघडवायला घेतलंय. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते. त्यानंतरही वाढतच राहिली, पू किंवा ताप आला, ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही गेला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.