लढ्याचा डबा आपल्याच तांदळाने भरू

मागच्या महिन्याच्या बैठकीत एक बाई उभी राहिली. तिने विचारलं, "मोर्चाला ट्रक आला होता, त्याचं भाडं कोणी दिलं?" सगळे गप्प. शेवटी एक कार्यकर्ता बोलला, "गवताच्या व्यापाऱ्याने दिलं." बाई म्हणाली, "मग आता त्याला गवत कापायची मजुरी वाढवून कोण मागणार?"

बाईचं बोलणं खरं ठरलं. आठ दिवसांनी आमची पोरं मजुरीचं बोलायला गेली, तर व्यापारी हसून म्हणाला, "तुमच्या मोर्चाला ट्रक मीच दिला ना?" पोरं मान खाली घालून परत आली. चूक व्यापाऱ्याची नाय. तो व्यापारीच आहे. ट्रक मागायला त्याच्या दारात आपण गेलो, ही चूक आपली.

म्हणून या अंकात पैशाचं लिहितो. पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते. पण लाजून एस.टी.चं तिकीट मिळत नाही.

खर्च कशाचा, ते आधी बघू. वनजमिनीच्या प्लॉटची चौकशी लागली की तालुक्याला जावं लागतं. एका चौकशीला तीन खेपा होतात. १९७८ च्या सरकारी निर्णयात ३१ मार्च १९७८ पर्यंतच्या लागवडी कायम करायचं म्हटलं होतं. त्याला इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून पुरावे गोळा करतोय. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती दंडाची पावती धरून बसू नका, दुसरे पुरावेही तपासा. चांगलं झालं. पण दुसरा पुरावा म्हणजे दुसरा कागद, दुसरा झेरॉक्स, दुसरी खेप. पोरं पकडली गेली तर जामीन, वकिलाचं भाडं. धरण्याला बसलो तर दोन वेळचा भात. आणि हे पत्रक, त्याचा कागद, शाई, स्टेन्सिल. यातला एकही खर्च फार मोठा नाही. पण तो दर महिन्याला येतो, आणि ऐन वेळी हात रिकामा असला की आपण कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहतो.

काही जण म्हणतात, बाहेरची संस्था पैसे देते, घ्यावे. काही म्हणतात, निवडणुकीला उमेदवार देतो, तेवढे तरी घ्यावे, पैसा आपलाच आहे. आमचं मत स्पष्ट आहे. कागद छापायला, शिबिराला कोणी मित्राने मदत केली तर तिची पावती फाडावी आणि सगळ्यांसमोर वाचावी. पण मोर्चा, धरणं, कोर्ट आणि जामीन, या चार गोष्टींचा पैसा पाड्यातूनच आला पाहिजे. १९४५ साली तलासरी-उंबरगावकडच्या वारली माणसांनी जमीनदाराची वेठ बंद केली. त्यांच्याकडे कुठे पैसा होता? पण ते जमीनदाराच्या गाडीत बसून सभेला गेले नव्हते. पायी गेले होते.

आता पैसा आणायचा कसा? वर्गणी काढा म्हटलं की घरं घाबरतात, आणि ते बरोबर आहे. आषाढात घरात दाणा नसतो, तेव्हा दहा रुपये मागणं म्हणजे त्या घराला सावकाराकडे ढकलणं. लढ्याच्या वर्गणीसाठी कोणी कर्ज काढलं तर तो लढा कशाला? म्हणून ज्या महिन्यात जे असतं, तेच मागायचं. काही पाड्यांनी करून बघितलेलं आणि काही नवं सुचलेलं, असं इथे मांडतो.

पहिला, मुठीचा डबा. भात शिजायला टाकताना बाईने एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकायचा. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली तर महिन्याला घरटी दीड किलो होतो. ४० घरांचा पाडा असला तर ६० किलो. खळं झाल्यापासून होळीपर्यंत चार महिने चालवलं तर २४० किलो. एवढा तांदूळ कुठल्याही घराला न जड जाता जमतो. होळीनंतर मूठ बंद. ज्या घरात आजारपण आहे किंवा माणूस गेलं आहे, त्या घराला विचारायचंच नाही.

दुसरा, सावडीचा दिवस. वर्षातून दोन दिवस, एकदा लावणीला आणि एकदा कापणीला, पाड्याची टोळी मजुरीला जाते आणि त्या दिवसाची सगळी मजुरी फंडात टाकते. एक अट आहे. फंडासाठी म्हणून कमी मजुरीवर जायचं नाही. आपणच भाव पाडला तर उद्या मालक तोच भाव सगळ्यांना दाखवील. सरकारी किमान मजुरीपेक्षा एक पैसा कमी देत असेल तर टोळीने घरी बसावं.

तिसरा, बाजारची टोपली. मिरगाच्या आधी-मागे शेवळं येतात, मग टाकळा, मग करटोली. आपल्या बाया एकेकट्या स्टेशनावर बसतात, आणि दलाल प्रत्येकीला वेगळं गाठून भाव पाडतो. एका आठवडी बाजाराला पाड्याच्या सगळ्या टोपल्या एकाच ठिकाणी मांडल्या, एकच भाव बोलला, आणि प्रत्येक टोपलीतला चौथा भाग फंडाला ठेवला, तर फंडही होतो आणि दलालालाही कळतं. मोहाची फुलं मात्र पूर्वी यात घेता येत नव्हती. दारूबंदीच्या कायद्यात फुलं साठवणं आणि नेणं यावर २०२१ पर्यंत बंधन होतं. फुलं आपल्या झाडाची असली तरी पोलिसाला निमित्त मिळायचं.

चौथा, खेळ. कबड्डीचे सामने आपल्याकडे होतातच, पण शील्ड पुढारी देतो आणि त्याचा फोटो मंडपावर लागतो. त्यापेक्षा संघाकडून प्रवेश फी घ्यावी, पहिलं बक्षीस बोकड ठेवावं, दुसरं कोंबडा. बोकड एका पाड्याने द्यावा. जिंकलेला संघ तो तिथेच कापतो, आणि सगळे जेवतात. चहा आणि भज्यांचं दुकान बचत करणाऱ्या बायांनी लावावं. लकी ड्रॉ, लॉटरी, पत्ते काढू नका. जुगाराचा गुन्हा लावायला वेळ लागत नाही, आणि पैसा गरिबाच्याच खिशातून जातो.

पाचवा, नाच. यावर बैठकीत भांडण झालं, म्हणून नीट लिहितो. पोरं म्हणतात, शहरातल्या हॉटेलात तारपा नाचायला बोलावतात, एका रात्रीत पैसे मिळतात. म्हातारी माणसं म्हणतात, तारपा नवा भात आल्यावर वाजवायचा असतो, साहेब जेवतात म्हणून नाही. आम्हाला म्हाताऱ्यांचं पटतं. कोणी पोटासाठी नाचायला गेला तर त्याला नावं ठेवू नयेत, पण संघटनेच्या नावाने जाऊ नये. त्याऐवजी आपलाच नाच करू. चार पाडे एका माळावर येतील, प्रत्येक पाडा आपला तारपा आणील, आणि येताना घरटी एक शेर तांदूळ आणील. तिकीट नाही. रात्री मध्ये थांबून चौकशीचं काय झालं ते सगळ्यांना सांगता येतं. सभेला जे येत नाहीत ते नाचाला येतात.

ज्याच्याकडे तांदूळही नाही त्याने काय द्यावं? देण्यासारखं पुष्कळ आहे. जामिनाला पैशापेक्षा सातबारावाला माणूस लागतो. ज्याच्या नावावर थोडी तरी जमीन आहे त्याने जामीनदार म्हणून नाव नोंदवावं. ज्याला वाचता येतं त्याने अर्ज लिहावा. म्हाताऱ्याने साक्ष द्यावी की हा बांध कोणी घातला, हे आंब्याचं झाड कोणी लावलं. ही वर्गणी पावतीपुस्तकात बसत नाही, पण तिचीही नोंद ठेवावी.

आता हिशोब. पैसा जमला की भांडण येतं, हे आपल्या पाड्यांनी बघितलेलं आहे. एका पाड्यात सगळा फंड एकाच्या घरी होता. त्याच्या मुलीचं लग्न निघालं, त्याने त्यातले वापरले, परतही केले. पण मध्ये कोणाला सांगितलं नाही, म्हणून आजही त्या पाड्यात दोन गट आहेत. तेव्हा पेटीला दोन कुलपं लावा, एक चावी बाईकडे आणि एक पुरुषाकडे, दोघं एका घरातले नसावेत. पोस्टाचं खातं दोन सह्यांचं काढा. महिन्याच्या अमावास्येला शाळेतल्या पोराने वही मोठ्याने वाचावी. ऐकणाऱ्याला लिहिता येत नसलं तरी आपण दिलेली मूठ त्याला आठवते.

एक प्रश्न उरतो. आषाढात एखाद्या घरी चूल पेटत नसेल तर फंडातला तांदूळ द्यायचा का? काही कार्यकर्ते म्हणाले, हा लढ्याचा तांदूळ आहे. आम्ही म्हणतो, द्यायचा. नव्या भाताला तेवढाच परत घ्यायचा, वाढीव एक दाणा नाही. आपली जमीन गेली कशी, ते आठवा. आजाला आषाढात एक मण भात सावकाराने दिला, आणि खळ्यावर दीड मण मागितला, आणि काही वर्षांनी अंगठा घेतला. ज्या पाड्याच्या पेटीत आषाढाचा तांदूळ आहे त्या पाड्याची जमीन अशी जात नाही. मग हा तांदूळ लढ्याला लागला नाही असं कसं म्हणायचं?

भात आता खळ्यावर आहे. थोड्या दिवसांत अर्धी माणसं वीटभट्टीवर जातील आणि होळीला परत येतील. तिकडे चौकशीची तारीख लागलेली आहे. म्हणून प्रत्येक पाड्याने माणसं जायच्या आत बसावं, यातलं काय जमेल ते ठरवावं, दोन चाव्या कोणाकडे ते ठरवावं, आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन यावं. वही कोरी असली तरी आणा. आणि ट्रकचं भाडं तांदूळ विकून त्या व्यापाऱ्याला परत करायचं, हे आम्ही ठरवलं आहे. पैसे द्यायला ती बाईच जाणार आहे, आणि मजुरीचं बोलूनच परत येणार आहे.