लहान बंदूक लहानांसाठी नव्हे

लहान मुलाला लहान बंदूक द्यावी, हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की त्यावर कोणी फारसा विचारच करत नाही. लहान पायांना लहान चपला, लहान हातांना लहान बॅट, तसंच हेही. पण हवेत उडणाऱ्या मातीच्या चकत्या फोडायच्या खेळात हा हिशेब चुकतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता सत्तरी ओलांडलेल्या, जन्मभर मराठी शाळेत शिकवलेल्या बाईला बंदुकांशी काय करायचंय, असं तुम्ही म्हणाल. तर त्याचं असं आहे, माझा मुलगा ओहायोत असतो. तिकडे मुक्कामाला गेले की शनिवारी नातीबरोबर तिच्या क्लबवर जाऊन बसते. मी बंदुकीला हात लावत नाही, पण गुणपत्रक भरायचं काम माझ्याकडे असतं. चकती फुटली की बरोबरची खूण, सुटली की फुली. हे काम काही मला नवीन नाही!

या खेळाचं नाव स्कीट. अर्धवर्तुळावरच्या ठरावीक जागांवरून उभं राहून, दोन बाजूंच्या दोन घरांतून सुटणाऱ्या चकत्या फोडायच्या. एका फेरीला २५. चकती साधारण ११ सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे छोट्या बशीएवढी. पूर्वी खरी कबुतरं सोडून मारत. १८८० मध्ये ओहायोतल्याच सिनसिनाटी शहरातल्या जॉर्ज लिगोस्की यांनी भाजलेल्या मातीची चकती आणली. आता ती डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची पूड यांची करतात, पण 'क्ले पिजन' हे नाव टिकलं.

बंदुकीच्या नळीचं माप मात्र गमतीचं आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती १२ बोअर. २० गोळ्या केल्या तर २० बोअर, २८ केल्या तर २८. म्हणजे आकडा मोठा तितकी नळी अरुंद. १२ बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटर, २० ची १५.६ आणि २८ ची १४. सगळ्यांत धाकटी 'फोर-टेन'. तिचं नाव मात्र थेट व्यासावरून पडलं, ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

आता मुद्द्याचं. या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, बारीक छऱ्यांचा थवा सुटतो. अमेरिकी स्कीटमध्ये १२ बोअरच्या काडतुसात जास्तीत जास्त ३२ ग्रॅम छर्रे चालतात, २० मध्ये २५, २८ मध्ये २१ आणि फोर-टेनमध्ये फक्त १४ ग्रॅम. नऊ नंबरचे छर्रे मोजले तर अनुक्रमे साधारण ६५०, ५१०, ४४० आणि २९० भरतात. छर्रे तितक्याच जागेत पसरायचे आणि संख्या निम्म्याहून कमी! मग थव्याला भोकं पडतात आणि नेम थोडा चुकला की चकती त्या भोकातून सुखरूप निघून जाते. १२ बोअर थोडी चूक पोटात घालते, फोर-टेन घालत नाही. म्हणजे नवख्या मुलाला आपण सोपी म्हणून जी देतो, तीच चौघींत सर्वांत कठीण.

माझ्या नातीला पहिल्या दिवशी तीच दिली होती. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. बारा वर्षांची मुलगी, खांद्याला लागायला नको. २५ पैकी तीन फुटल्या. बावीस फुल्या मी माझ्या हाताने मारल्या. पोरगी गाडीत एक शब्द बोलली नाही आणि पुढच्या शनिवारी पोट दुखतंय म्हणाली. शिक्षकांना ही पोटदुखी चांगली माहीत असते.

धक्क्याची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण धक्का नळीच्या मापावर ठरत नाही. किती वजनाचे छर्रे किती वेगाने बाहेर पडतात आणि बंदूक किती जड आहे, यावर तो ठरतो. २५ ग्रॅमचंच काडतूस हलक्या २० बोअरमधून उडवलं, तर त्याच वेगाला ते जड १२ बोअरपेक्षा जास्त लागतं. म्हणून उपाय असा, की दस्ता मुलाच्या मापाचा आखूड हवा, काडतूस सौम्य हवं आणि शक्यतो गॅसवर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक हवी, तिच्यात धक्का विभागला जातो. नातीला मग दुसऱ्या एका प्रशिक्षकांनी अशी २० बोअर दिली. त्या दिवशी अकरा फुटल्या. मुलगी तीच, डोळेही तेच.

२० बोअरची काडतुसं पिवळी का असतात, तेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेलं तर पुढे सरकून नळीत अडकतं. मागून १२ चं काडतूस भरून बार काढला की नळी फुटते. घरात दोन मापांच्या बंदुका असतील तर हे पाठच हवं.

मग लहान नळ्यांना जागाच नाही का? आहे, आणि मानाची आहे. अमेरिकी स्कीटमध्ये चारही मापांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात, प्रत्येकी १०० चकत्यांच्या, मिळून ४०० गुण. मुरलेला नेमबाज फोर-टेनने शंभरपैकी शंभर फोडतो, तेव्हा टाळ्या मनापासून वाजतात. क्लबवरचे जुनेजाणते लोक २८ बोअरवर जीव टाकतात. तिची काडतुसं बहुधा १२ पेक्षा महाग पडतात, कारण खप कमी. तरीही ते ती घेतात, कारण १२ ने फोडणं त्यांना फार सोपं झालेलं असतं.

उलट ऑलिंपिककडे पाहा. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धनसिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तो याच कुळातला खेळ. आंतरराष्ट्रीय नियमांत १२ पेक्षा मोठी नळी चालत नाही, लहान खुशाल वापरा म्हणतात. पण जिथे एका चकतीवर पदक जातं तिथे २८ घेऊन सहसा कोणी उतरत नाही. जगातल्या उत्तम नेमबाजांनाही जी सवलत हवीशी वाटते, ती बारा वर्षांच्या मुलीला का नाकारायची?

पहिल्या यत्तेतल्या मुलाला आपण पातळ वही देतो, पण अक्षरं मोठी काढायला सांगतो. इथे वही पातळ म्हणून अक्षरंही मुंगीएवढी काढायला लावतात. नातीला फोर-टेन पुन्हा हातात घ्यायची आहे, परवाच फोनवर म्हणाली. मी म्हटलं, अवश्य घे, पण आधी २० ने पंचवीसपैकी वीस फोडून दाखव. सध्या सतरावर आहे.