‘एज्युकेट’ची सोयीस्कर व्युत्पत्ती

उद्बोधन वर्गांत, शिक्षक दिनाच्या भाषणांत आणि बी.एड.च्या गाइडांत एक विधान वर्षानुवर्षे फिरते आहे. इंग्रजीतील ‘एज्युकेट’ हे क्रियापद म्हणे लॅटिन ‘एदूकेरे’वरून, म्हणजे ‘बाहेर काढणे’ यावरून आले. सबब शिक्षण म्हणजे विद्यार्थ्याच्या अंतरी जे आहे ते बाहेर आणणे. विधान गोड आहे, टाळ्याही घेते. फक्त ते चूक आहे.

लॅटिनमध्ये क्रियापदे दोन. ‘एदूकेरे’ म्हणजे बाहेर नेणे, ओढून काढणे. त्याचे धातुसाधित ‘एदुक्तुस’. इंग्रजीला त्यातून मिळाले ते ‘एड्यूस’ हे अल्पपरिचित क्रियापद. दुसरे ‘एदुकारे’, म्हणजे संगोपन करणे, वाढवणे. मुलांना, तसेच जनावरांनाही. त्याचे धातुसाधित ‘एदुकातुस’, आणि ‘एज्युकेट’ जन्मले ते यातून. दोन्ही धातू एकाच कुळातले आहेत आणि रोमन लेखकांनी कधीकधी एकाचे काम दुसऱ्याकडून करवून घेतले, हे आम्ही नाकारत नाही. पण व्हारोने कामे स्पष्ट वाटून दिली होती. बाहेर काढते ती सुईण, वाढवते ती अंगावर पाजणारी दाई. वळण लावणारा आणि पाठ देणारा हे त्यानंतरचे. ‘बाहेर काढणाऱ्या’ प्राध्यापकांनी आपण कोणाची जागा मागतो आहोत, हे एकदा पाहावे.

शब्दाचा आजचा अर्थ त्याच्या मुळावर ठरत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. मग लॅटिनला साक्षीला बोलावले कोणी? बोलावलेच आहे, तर तिची साक्ष सोयीपुरती ऐकता येणार नाही.

आणि सोय आहेच. सारे आतच असते असे मानले, की आपण काही पुरवण्याची जबाबदारी संपते. ग्रंथालयातली रिकामी फळी, न भरलेली पदे, उपाशीपोटी तासाला बसलेली मुलगी, सगळे क्षम्य. विद्यार्थी नापास झाला, तर त्याच्या आतच काही नव्हते! म्युरिएल स्पार्कच्या १९६१ सालच्या ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ या कादंबरीतली शिक्षिका हीच व्युत्पत्ती मोठ्या तोऱ्यात सांगते, आणि स्वतःच्या मनातला साचा मात्र मुलींवर लादत राहते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, शिक्षकांना बरा पगार मागितला. ती मागणी संगोपनाची होती.

बाकी मराठीच्या वर्गातही दाखला लॅटिनचाच लागतो. ‘शिकणे’च्या मागचा ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप आहे, म्हणजे समर्थ होऊ पाहणे, हे तिथे आम्हांस क्वचितच ऐकू आले आहे.