कलिन्यातच मिळावी अशी एक पदविका

सांताक्रूझला शिक्षणसंस्थांची वानवा नाही. पूर्वेला कलिन्यात मुंबई विद्यापीठाचं विद्यानगरी संकुल, पश्चिमेला जुहू तारा रोडवर एसएनडीटी, एस. व्ही. रोडवर सेंट तेरेसाचं बी.एड. कॉलेज. तरीही इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली इथली मुलगी ‘परदेशात शिकवायला जायचंय, कायमचं’ म्हणाली, की तिला सल्ला देते ती मोबाइलवरची जाहिरात: घरबसल्या टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स), १२० तास, आजच फी भरा. त्यावर माझे काही मुद्दे.

१. आधी देश ठरवावा, मग कोर्स. सर्टिफिकेटच्या आधी पासपोर्ट बघितला जातो. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटनसारख्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत त्यात नाही. मात्र २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीयांना सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची एक अरुंद वाट आहे, आणि तिथे पदवीबरोबर शिक्षकी पात्रताही लागते. जपानच्या शाळांत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. म्हणजे वाकोल्यातला मराठी माध्यमाचा मुलगा अकरावीपासून एम.ए.पर्यंत इंग्रजीतून शिकला तरी त्याची सातच वर्षं भरतात. शेक्सपिअर कितीही पाठ असो! इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना तिथल्या शिक्षक-दर्जासाठी दार उघडलं, पण गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी. इंग्रजीच्या शिक्षकाला त्यातून प्रवेश नाही. हे अन्यायाचं आहे, पण फी भरण्याआधी कळलेलं बरं.

२. दीर्घकाळ राहायचं तर बी.एड. टाळू नये. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं, म्हणून मुलं कंटाळतात आणि ऑनलाइन आडवाट शोधतात. भारतीयांना परदेशात इंग्रजी शिकवण्याची खरी मोठी जागा म्हणजे आखातातल्या सीबीएसई शाळा. तिथे बी.एड. विचारतातच. एक मात्र लक्षात ठेवावं: आखातात मुक्काम सहसा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की बिऱ्हाड हलतं.

३. सेल्टा, म्हणजे केंब्रिजचं इंग्रजी-अध्यापनाचं प्रमाणपत्र, आणि ऑनलाइन टेफल एकाच तराजूत घालू नयेत. तास दोन्हीकडे १२० लिहिलेले दिसतात. पण सेल्टात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, प्रशिक्षक मागे बसून टिपणं काढतो, चार लेखी स्वाध्याय असतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा कोर्सही तसाच. टेफल या नावावर मात्र कुणाचीच मालकी नाही, कुणीही कोर्स काढावा आणि सोनेरी कडेचं प्रमाणपत्र छापावं. प्रौढांना शिकवायचं असेल तर सेल्टा, काही वर्षांच्या अनुभवानंतर त्याच्या पुढची पायरी, डेल्टा. शाळेत शिकवायचं असेल तर सेल्टा हा बी.एड.वरचा दागिना, बी.एड.ची जागा तो घेत नाही.

४. आता मागणी. विद्यापीठाने कलिन्यात इंग्रजी-अध्यापनाची एक वर्षाची संध्याकाळची पदविका सुरू करावी, आणि निम्मे गुण निरीक्षणाखाली शिकवण्याला ठेवावेत. हैदराबादेत १९५८ साली निघालेल्या, आज इफ्लू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने इंग्रजीच्या शिक्षकांना घडवण्याचं काम केव्हापासूनच चालवलं आहे. विद्यार्थी कुठून आणायचे? गोळीबार आणि वाकोला या वस्त्या पलीकडेच आहेत. विमानतळावर, हॉटेलांत, सोसायटीच्या गेटवर काम करणाऱ्या कितीतरी जणांना कामापुरतं इंग्रजी हवं आहे. पालिकेच्या शाळांतले वर्ग संध्याकाळी त्यासाठी द्यावेत.

‘देश सोडून जाणाऱ्यांसाठी सरकारी पैसा कशाला?’ हा आक्षेप येणार, आणि तो फालतू नाही. पण शिकाऊ शिक्षक जाण्याआधी वर्षभर इथल्याच लोकांना शिकवून जाईल. शिवाय राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ज्यांचा व्हिसा होणार नाही त्यांना इथे काम कमी नाही. पदविका सगळे देश मानतील का? नाही मानणार. म्हणून ती बी.एड.च्या जोडीला घ्यावी, आणि विद्यापीठाने माहितीपत्रकातच तसं छापावं.

५. कागदपत्रं. हेग कराराच्या देशांसाठी अ‍ॅपोस्टिल हा प्रमाणीकरणाचा शिक्का चालतो, बाकीच्यांसाठी दूतावासाचा शिक्का. त्याआधी पदवीची राज्य पातळीवरची पडताळणी. या साखळीत दलाल पोसले जातात. पदवीदान समारंभाच्या दिवशीच विद्यानगरीत पडताळणीची खिडकी उघडावी, आणि खिडकीवर दर लिहिलेला असावा.