उठा, डोळे मोजून घ्या

हे वाचताय ना? मग आत्ताच एक करा. उजव्या डोळ्यावर तळहात अलगद धरा आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तारखा वाचा. आता हात डाव्या डोळ्यावर न्या आणि पुन्हा वाचा. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसलं तर उत्तम. पण नेत्रशिबिरात येणाऱ्या कित्येकांना एक डोळा झाकल्यावरच पहिल्यांदा कळतं, की दुसरा कधीचाच कामातून गेला आहे. चांगला डोळा अधू डोळ्याचं काम इतक्या बेमालूम उरकतो की मालकाला पत्ताच लागत नाही.

साखर किती, बीपी किती, हे पारावर बसणाऱ्या आजोबांनाही तोंडपाठ असतं. नजर किती, ते विचारा बरं! ‘चष्मा आहे की’ हे काही त्याचं उत्तर नव्हे. नजर मोजावी लागते, प्रत्येक डोळ्याची वेगळी, आणि मोजल्यावर कागदावर लिहिलेलं आपल्याला वाचता यावं लागतं. तो कागद दुकानदाराच्या हातात देऊन मोकळं होण्याची सवय आता सोडायला हवी.

वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तो तक्ता नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केला. ‘६/६’ मधला वरचा आकडा म्हणजे तक्त्यापासून तुमचं अंतर : सहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट. खालचा आकडा सांगतो, की तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते. तुमची नजर ६/१८ असेल, तर चांगल्या डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारी अक्षरं वाचायला तुम्हाला सहा मीटरवर यावं लागतं. खालचा आकडा वाढला की नजर घटली. मात्र ६/१२ म्हणजे अर्धी नजर गेली, असा टक्केवारीचा हिशेब लावू नका. हा अपूर्णांक तसा चालत नाही. अमेरिकेत हेच माप फुटांत घेतात. तिकडून नातवाच्या रिपोर्टचा फोटो आला आणि त्यात २०/४० दिसलं, तर ते आपलं ६/१२ आहे. आपल्याकडे २०१७ पासून, चांगल्या डोळ्याचीसुद्धा नजर ३/६० पेक्षा कमी असेल तर राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात त्या माणसाला अंध म्हणतात.

चष्म्याचा नंबर ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि घोळ इथेच होतो. नंबर डायॉप्टरमध्ये असतो आणि त्याचा मीटरमधल्या अंतराशी उलटा हिशेब असतो. मायनस २ म्हणजे चष्म्याविना अर्ध्या मीटरपर्यंतच स्पष्ट दिसणार. मायनस ५ म्हणजे वीस सेंटिमीटरपर्यंत, त्यापुढे सगळं धूसर. बुबुळाची गोलाई सगळीकडून सारखी नसली, की कागदावर सिलिंडरचा आकडा येतो आणि तो नंबर कोणत्या कोनात बसवायचा ते ॲक्सिस सांगतो. चाळिशी उलटली की जवळचं वाचायला प्लस नंबर लागतोच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? सुईत दोरा ओवायला सुनेला हाक मारतील, पण चष्मा करून घेणार नाहीत!

मायनस ६ चा माणूस चष्मा लावून ६/६ वाचू शकतो. उलट, ज्याला आयुष्यात कधी नंबर लागला नाही, त्याची नजर आजारामुळे ६/६० वर आलेली असू शकते. यातला फरक ओळखायची एक जुनी युक्ती आहे. जाड कागदाला जेमतेम मिलिमीटरभर भोक पाडून त्यातून पाहायचं. भोकातून अक्षर स्पष्ट झालं तर दोष बहुधा नंबरचा; नाही झालं तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आणि ६/६ आलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. तो तक्ता फक्त समोरची नजर मोजतो. काचबिंदूत डोळ्याची नस आधी कडेची दृष्टी गमावते, कपड्याला काठापासून कसर लागावी तशी. मधलं शेवटपर्यंत शाबूत. दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो, पण दाब ठीक असूनही नस खराब होणारे रुग्ण आहेत. म्हणून चाळिशीनंतर तपासणीला गेलात की दाबाबरोबर नसही पाहायला सांगा, आणि घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर ही तपासणी टाळूच नका. मधुमेह असेल त्यांनी दर वर्षी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासून घ्यायचा, दिसायला स्वच्छ असलं तरीही. काचबिंदूत गेलेली नजर कुठलाही डॉक्टर परत आणू शकत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

मोतीबिंदूचं उलट आहे, तिथे नजर परत मिळते. म्हणून तर चीड येते. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं जवळपास ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघालं. तरी घरोघर ‘पिकू दे, मग बघू’ चाललेलं असतं. हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. आज पूर्ण पिकलेला मोतीबिंदू काढायला अधिक अवघड जातो. तेव्हा आजी ‘धूसर दिसतंय’ म्हणाली, की सुगी होऊ दे, लग्न होऊ दे, असली कारणं पुरे करा.

आणखी काही गोष्टी आपण निर्लज्जपणे चालवून घेतो. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणायचे. त्यात स्टेरॉइड असलं आणि ते महिनोन्महिने घातलं, तर त्यानेच काचबिंदू होतो, लहान मुलांनासुद्धा. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ. मध. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून तिला चष्मा काढून बसवणं. चष्मा लावला की नंबर वाढतो, ही तर घट्ट रुजलेली थाप. नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून, काचेमुळे नव्हे.

मुलांच्या बाबतीत तर वेळ फार थोडा असतो. एका डोळ्याला मोठा नंबर किंवा तिरळेपणा असला, की मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडतो. हा आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारण्याची आशा चांगली. पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. लहान मुलाचा नंबर नुसत्या मशीनवर काढून चष्मा घेऊ नका. डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब न घालता काढलेला मायनस पुष्कळदा जास्त येतो. पोरांना रोज दोनेक तास उजेडात, उघड्यावर खेळू द्या. त्याने मायनस नंबर लागण्याचा धोका कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. शिकवणीच्या वेळापत्रकातून हे दोन तास तुम्हालाच काढावे लागतील.

फळ्यावरचं न दिसणारं पोर वर्गात ‘ढ’ ठरतं. सरकारी पथक शाळेत येऊन तपासतं, ते यायचं तेव्हा येऊ दे. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनो, पुढच्याच बैठकीत विषय काढा. व्हरांड्यात उजेडाच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला तक्ता लावा, वीस फुटांवर खडूची रेघ ओढा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी इंग्रजी ई चा तक्ता मिळतो. ई चे हात कुठल्या दिशेला आहेत ते मुलाने बोटाने दाखवायचं. नाव, उजवा, डावा असे तीन रकाने वहीत आखा. ६/९ ची ओळ ज्याला वाचता येणार नाही, त्याच्या घरी त्याच दिवशी निरोप जाऊ द्या. डोळा झाकायला बोटं नकोत, पुठ्ठा द्या. पोरं फटीतून बघतात. आणि रांग तक्त्यापासून लांब, वळणाआड उभी करा, नाहीतर पुढच्याचं ऐकून मागचा सगळ्या ओळी घडाघडा पाठ म्हणतो.